लेखनाची अट पूर्ण करण्यासाठी साहित्याचा कोर्स कसा निवडावा: गोव्यातील पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

बारावीनंतर पदवीला प्रवेश घेताना बहुतेक विद्यार्थी मुख्य विषय पक्का करूनच महाविद्यालयात येतात. रसायनशास्त्र घ्यावे की वाणिज्य, संगणक की अर्थशास्त्र, याची चर्चा घरात वर्षभर झालेली असते. त्याच अर्जात खाली आणखी काही रकाने असतात आणि ते मात्र पुढे उभ्या असलेल्या मित्राने काय लिहिले ते पाहून घाईघाईने भरले जातात. भाषा आणि लेखन यांच्याशी संबंधित कोर्स याच रकान्यांत येतात. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पदवीच्या काळात सलग, विचार मांडणारे लेखन कोणी शिकवणार असेल, तर ते बहुधा इथेच. म्हणून हा रकाना विचारपूर्वक भरावा, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे टप्पे त्याच्याच आधाराने मांडले आहेत. लेखनाची अट पूर्ण करण्यासाठी साहित्याचा कोर्स निवडताना त्यात कोणती पुस्तके नेमली आहेत हा दुसरा प्रश्न आहे. त्या कोर्समध्ये तुमच्याकडून किती वेळा लिहून घेतले जाणार आहे, लिहिलेले कोण वाचणार आहे आणि ते शेऱ्यांसह परत मिळणार आहे की नाही, हा पहिला प्रश्न आहे. आवडत्या लेखकाचा पण एकच लेखी परीक्षा असलेला कोर्स आणि अनोळखी लेखकाचा पण तीन निबंध तपासून देणारा कोर्स यांत निवड करायची झाली, तर मी नव्या विद्यार्थ्याला दुसरा कोर्स घ्यायला सांगेन.

आधी अट नेमकी कोणती आहे ते समजून घ्या

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पदवीसाठी लेखनाची स्वतंत्र अट असते. तिथे ठरावीक कोर्सना लेखनप्रधान असे चिन्ह दिलेले असते, काही ठिकाणी कोर्सच्या क्रमांकापुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर लावतात, आणि अशा कोर्समध्ये कच्चा मसुदा देणे, त्यावरच्या सूचना घेणे आणि पुन्हा लिहिणे हा अभ्यासाचाच भाग मानला जातो. साहित्याचे वर्ग या अटीसाठी तिथे मोठ्या प्रमाणावर निवडले जातात. आपल्याकडे अशी अट त्याच नावाने नसली, तरी तिचा आशय नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवीत आलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा जो श्रेयांक आराखडा (श्रेयांक म्हणजे क्रेडिट, कोर्सच्या अभ्यासाचे मोजमाप) जाहीर केला, त्यात क्षमतावर्धक भाषा कोर्सचा हेतू सांगताना चिकित्सक वाचन आणि विवेचनात्मक, शैक्षणिक लेखन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून राबवली जात आहे.

या रचनेत साहित्याकडे जाणारी तीन दारे आहेत आणि ती एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. पहिले दार क्षमतावर्धक कोर्सचे, ज्याला महाविद्यालयात सगळे ‘एईसी’ म्हणतात. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी याचे किमान ८ क्रेडिट ठेवलेले आहेत आणि त्यात इंग्रजी व एक आधुनिक भारतीय भाषा येते. दुसरे दार बहुविद्याशाखीय कोर्सचे, म्हणजे ‘एमडीसी’चे, ज्यासाठी ९ क्रेडिट आहेत आणि ते साधारणपणे तीन-तीन क्रेडिटच्या तीन कोर्समध्ये विभागलेले असतात. तिसरे दार मायनरचे, म्हणजे दुय्यम विषयाचे. त्याचे २४ क्रेडिट असतात आणि ते पदवीच्या अनेक सत्रांत पसरलेले असतात.

आता प्रत्येक दारातून काय मिळते ते पाहा. एईसीमध्ये भाषा केंद्रस्थानी असते. तिथे एखादी कथा किंवा काही कविता नेमलेल्या असल्या, तरी पत्रलेखन, वृत्तलेखन, सारांश, अनुवाद यांनाही वेळ द्यावा लागतो, त्यामुळे साहित्यकृतीवर सविस्तर लिहिण्याची संधी कमी मिळते. एमडीसीमध्ये साहित्याचा एकच पैलू घेऊन सत्रभर काम करता येते आणि इतर शाखेतून आलेल्या, साहित्याची पूर्वतयारी नसलेल्या विद्यार्थ्याला गृहीत धरूनच तो आखलेला असतो. म्हणून नवख्या विद्यार्थ्याला मला हेच दार सर्वांत योग्य वाटते. मायनर हा मात्र काही वर्षांचा निर्णय आहे. मराठी, इंग्रजी, कोकणी किंवा हिंदी साहित्य मायनर म्हणून घ्यायचे असेल, तर आधी त्याच विभागाचा एखादा सुटा कोर्स करून पाहावा आणि मगच त्या वाटेला जावे.

एमडीसीच्या बाबतीत एक नियम अनेकांच्या लक्षात येत नाही. बारावीला जो विषय झालेला आहे तो या गटात पुन्हा घेऊ नये, असे आयोगाच्या आराखड्यात म्हटले आहे. त्यामुळे बारावीला मराठी घेतलेल्या विद्यार्थ्याने मराठी साहित्याचा एमडीसी निवडण्याआधी, आपल्या बाबतीत हा नियम कसा लावला जातो, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर थांबू नये. सूचनाफलकावरचे परिपत्रक, संकेतस्थळावरची यादी किंवा विभागप्रमुखांचा ई-मेल यांपैकी काहीतरी लेखी हाताशी असले, म्हणजे तिसऱ्या वर्षी क्रेडिटची बेरीज जुळत नाही असे कळण्याची वेळ येत नाही. स्वायत्त महाविद्यालये आपले अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, उदाहरणार्थ मडगावचे पार्वतीबाई चौगुले महाविद्यालय. त्यामुळे म्हापशाच्या मित्राला मिळालेली यादी मडगावला लागू पडेलच असे नाही.

वेळेचा हिशेब कागदावर मांडा

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास. व्याख्यानाच्या कोर्समध्ये त्यातले १५ तास वर्गातले असतात. म्हणजे ३ क्रेडिटच्या कोर्समध्ये ४५ तास वर्गात जातात आणि तेवढेच तास स्वतःच्या वाचन-लेखनासाठी धरलेले असतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हे आठवड्याला तीन तास होतात. आता समजा, नेमलेली कादंबरी ३०० पानांची आहे आणि तुम्ही तासाला २५ पाने समजून वाचता. केवळ पहिल्या वाचनालाच १२ तास लागतील, म्हणजे तुमच्या चार आठवड्यांचा वेळ. अशा दोन कादंबऱ्या असतील, तर सत्रातला अर्ध्याहून अधिक स्वतंत्र वेळ वाचण्यातच संपतो आणि लेखनाला उरतो तो थकलेला शेवटचा आठवडा. लेखन शिकण्यासाठी कोर्स घेणाऱ्याने कमी पानांचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचायला लावणारा कोर्स निवडावा, असे मी म्हणतो ते या हिशेबामुळे. दहा पानांची कथा चार वेळा वाचून तिच्यावर तीन पाने लिहिणारा विद्यार्थी, पाचशे पाने एकदाच वाचून तेवढीच पाने लिहिणाऱ्यापेक्षा बहुधा चांगले लिहितो.

वेळापत्रकही याच टप्प्यावर पाहून घ्यावे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याची प्रात्यक्षिके दुपारी असतात, आणि काणकोण, सत्तरी किंवा पेडण्याहून येणाऱ्यांचा मोठा वेळ कदंबच्या बसमध्ये जातो. प्रवासात कविता आणि कथा वाचता येतात, पण मसुदा लिहिता येत नाही. त्यामुळे आठवड्यातून किमान एक मोकळा, सलग दोन तासांचा अवधी महाविद्यालयातच मिळेल असा कोर्स निवडणे शक्य असेल, तर तसे करावे. ग्रंथालयात बसून लिहिलेला मसुदा आणि रात्री उशिरा घरी पोचून लिहिलेला मसुदा यांतला फरक शिक्षकाला पहिल्याच परिच्छेदात कळतो.

अभ्यासक्रमपत्रिका शेवटापासून वाचा

प्रत्येक कोर्सची अभ्यासक्रमपत्रिका विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असते. विद्यार्थी ती वरून वाचायला लागतात, उद्दिष्टांची मोठमोठी वाक्ये पाहून कंटाळतात आणि मूल्यमापनाच्या भागापर्यंत पोचतच नाहीत. हाच भाग तुमच्या कामाचा आहे. सत्रांतर्गत मूल्यमापन, म्हणजे आयएसए, कोणत्या स्वरूपाचे आहे ते पाहा. बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी असेल, तर त्यातून लेखन होणार नाही. गटाने करायचे सादरीकरण असेल, तर लेखनाचे काम गटातील एकच जण करतो, हे आपण सगळे जाणतो. ‘स्वाध्याय’, ‘निबंध’, ‘परीक्षण’, ‘वाचननोंद’, ‘प्रकल्प-अहवाल’ असे शब्द दिसले, तर पुढे वाचत जा. सत्रान्त परीक्षेतही फरक असतो. लेखकाचा परिचय लिहा, कथानक सांगा, पात्राचे स्वभावचित्रण करा, एवढ्याच स्वरूपाचे प्रश्न जुन्या प्रश्नपत्रिकांत दिसत असतील, तर तो कोर्स पाठांतरावर उत्तीर्ण होता येतो. गुण मिळतील, पण लेखन येणार नाही. जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात मिळतात, आणि दोन-तीन वर्षांच्या चाळल्या तरी कोर्सचा खरा स्वभाव समजतो.

यानंतर घटक आणि संदर्भग्रंथांची यादी पाहावी. एका सत्रात दहा-बारा लेखक आणि पाच वाङ्मयप्रकार कोंबलेले असतील, तर त्या कोर्समध्ये प्रत्येक गोष्टीची ओळखच करून दिली जाईल. दोन-तीन कृतींवर थांबणारा अभ्यासक्रम लेखनासाठी अधिक उपयोगी पडतो. संदर्भग्रंथांपैकी किमान दोन पुस्तके आपल्या ग्रंथालयात उपलब्ध आहेत का, हेही त्याच दिवशी तपासून घ्यावे, कारण जुन्या मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या संपलेल्या असतात आणि सत्र सुरू झाल्यावर एकाच प्रतीमागे साठ विद्यार्थी लागतात. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे आहे आणि गोव्याविषयीचे ग्रंथ व जुनी नियतकालिके पाहण्यासाठी त्यासारखी दुसरी जागा राज्यात नाही. तिथले सभासदत्व पहिल्याच सत्रात घेऊन ठेवावे.

स्वयम् या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील ऑनलाइन कोर्सचे क्रेडिटही नियमांच्या मर्यादेत स्वीकारले जातात, आणि प्रवासाचा वेळ वाचतो म्हणून ते आकर्षक वाटतात. साहित्याची ओळख करून घेण्यासाठी ते चांगलेच आहेत. पण तिथला स्वाध्याय मुख्यतः प्रश्नमंजुषेच्या रूपात होतो, आणि तुमचे दोन पानी लेखन समोर ठेवून त्यावर शेरे लिहिणारा शिक्षक तिथे भेटत नाही. लेखनासाठी म्हणून मी ते सुचवणार नाही.

शिक्षकांना आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारा

कोर्स शिकवणाऱ्या शिक्षकांना निवडीपूर्वी भेटण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ‘सर, मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे, तुमचा कोर्स घ्यावा असे वाटते, पण मला लेखनाचा सराव हवा आहे,’ असे सरळ सांगितले, तर कोणत्याही शिक्षकाला आनंदच होतो. मग विचारावे की सत्रात किती वेळा लिहायचे असते, लिहिलेले सत्र संपण्याआधी परत मिळते का, आणि कच्चा मसुदा दाखवला तर मॅडम किंवा सर तो पाहतात का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर बाकी बऱ्याच उणिवा मी माफ करीन. वर्गात शंभर विद्यार्थी असतील, तर शिक्षकाची इच्छा असूनही प्रत्येक मसुदा वाचणे शक्य नसते, म्हणून वर्गाची संख्याही विचारून घ्यावी.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारताना ‘सोपा आहे का’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या उपयोगाचे नसते. त्याऐवजी त्यांचा तपासलेला एखादा निबंध पाहायला मागावा. समासात काय लिहिले आहे ते पाहावे. नुसती बरोबरची खूण आणि शेवटी गुण असतील, तर तो एक प्रकार. ‘हे कशावरून म्हणता?’, ‘इथे कथेतले वाक्य द्या’, ‘हा परिच्छेद आधी हवा होता’ अशा नोंदी असतील, तर त्या शिक्षकांचा वर्ग शोधत जावा.

कोणत्या भाषेत लिहायचे?

गोव्यातील विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न इतर कोणत्याही प्रश्नापेक्षा अवघड आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे अनेकांची निवड चुकते. आपल्या सरकारी प्राथमिक शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यम, आणि पाचवीपासून इंग्रजी, हा क्रम अनेक पिढ्यांचा आहे. घरात कोकणी, वर्तमानपत्र आणि देवळातले कीर्तन मराठीत, शास्त्राची पुस्तके इंग्रजीत, असे तीन भाषांत वाढलेले मूल पदवीला येते तेव्हा त्याला तिन्ही भाषा समजतात. मात्र चार पानांचा सलग युक्तिवाद त्याने यांपैकी एकाही भाषेत कधी लिहिलेला नसतो. मराठी वाचताना ओढ लागते, पण लिहिताना तांत्रिक शब्द आठवत नाहीत. इंग्रजीत शब्द आठवतात, पण स्वतःला नेमके काय वाटले ते मांडता येत नाही.

यावर एक साधी परीक्षा घरच्या घरी करता येते. कोणतीही छोटी कथा घ्या, वाचा आणि ती तुम्हाला का आवडली किंवा का आवडली नाही, यावर अर्धा तास मराठीत लिहा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कथेवर तेवढाच वेळ इंग्रजीत लिहा. कोकणीत लिहिण्याची सवय असेल, तर तिसऱ्या दिवशी कोकणीत. मग तिन्ही कागद समोर ठेवून शुद्धलेखनाकडे न पाहता एवढेच बघा, की कोणत्या कागदावर तुम्ही खरोखर काही म्हटले आहे. वाक्ये गुळगुळीत असूनही आशय पुस्तकी असेल, तर ती तुमची विचाराची भाषा नव्हे. अडखळत का होईना, पण तुमचे निरीक्षण ज्या भाषेत उतरले, त्या भाषेचा कोर्स घ्यावा. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, मराठीत नकळत येणारी कोकणी रूपे या गोष्टी शिक्षकाच्या मदतीने एका सत्रात बऱ्याच सुधारतात. विचार करण्याची सवय मात्र उसन्या भाषेत लागत नाही, असे मला मनापासून वाटते.

पुढे परदेशी शिकायला जायचे असेल किंवा मुख्य विषयाचे शोधनिबंध इंग्रजीत लिहायचे असतील, तर इंग्रजी साहित्याचा कोर्स घेणे साहजिक आहे. पण तिथेही भारतीय किंवा गोमंतकीय लेखकांच्या कृती, किंवा मराठी-कोकणीतून इंग्रजीत गेलेले साहित्य असलेला कोर्स मिळाला, तर तो आधी घ्यावा. कृतीतला परिसर, नातेसंबंध, सणवार परिचयाचे असले, की विद्यार्थ्याची सगळी शक्ती एकट्या भाषेवर खर्च करता येते. उलट अनोळखी भाषा, अनोळखी काळ आणि अनोळखी समाज हे तिन्ही एकदम आले, तर पहिल्या निबंधातच धीर सुटतो.

कोणता वाङ्मयप्रकार?

नवख्याला मी सर्वांत आधी कथा सुचवतो. कथा एका बैठकीत वाचून होते, तिच्यात निवेदक असतो, प्रसंगांचा क्रम असतो, काही सांगितलेले आणि काही मुद्दाम न सांगितलेले असते, आणि या प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून लिहिता येते. लक्ष्मणराव सरदेसाई आणि महादेवशास्त्री जोशी यांच्यासारख्या गोमंतकात जन्मलेल्या मराठी कथाकारांचा समावेश असलेला कोर्स मिळाला, तर परिसर ओळखीचा असल्याचा फायदा मिळतो. मात्र एक धोका लक्षात ठेवावा. आपल्या ओळखीचा गाव, कुळागर, देऊळ कथेत दिसले, की विद्यार्थी कथेवर लिहिण्याऐवजी गावावर लिहू लागतो आणि निबंध आठवणींकडे वळतो. शिक्षक ते वाचून सुखावतील, पण गुण कथेच्या वाचनाला असतात.

कवितेबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात उगाच भीती असते. लेखन शिकण्यासाठी कविता फार उपयोगी आहे, कारण मजकूर एका पानाचा असतो आणि प्रत्येक विधानाला पुरावा त्याच पानावर शोधावा लागतो. बा. भ. बोरकरांनी मराठी आणि कोकणी अशा दोन्ही भाषांत कविता लिहिल्या. गोव्यातील विद्यार्थ्याला दोन्ही भाषा कानाने कळतात, त्यामुळे एकाच कवीच्या दोन भाषांतील लयीवर लिहिण्याची जी संधी आपल्याला मिळते, ती इतरत्र सहज मिळत नाही. ज्याला गाण्याची, भजनाची, तालाची समज आहे त्याने कवितेचा कोर्स जरूर घ्यावा.

नाटकाचा कोर्स कोणासाठी, हे सांगायला गोव्यात फार शब्द लागत नाहीत. गावाच्या जत्रेला किंवा देवळाच्या उत्सवात मराठी नाटकात काम केलेले, प्रॉम्प्टिंग केलेले, नेपथ्य उभारलेले विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. नाटकाची संहिता वाचताना पात्र कुठे उभे राहील, वाक्य कोणाकडे पाहून म्हणेल, हे त्यांना आपोआप दिसते, आणि ते लिहून काढले तर निबंधात इतरांना न सुचणारे मुद्दे येतात. इथे प्रश्न विचारून घ्यावा तो एवढाच, की कोर्समध्ये संहितेवर लेखन आहे की सगळे गुण सादरीकरणाला आहेत.

लोकसाहित्याचा कोर्स वेगळ्या कारणाने सुचवावासा वाटतो. धालो, फुगडी, जागर, रणमाले, ओव्या या लोकगीत-लोकनाट्याच्या प्रकारांपैकी काही ना काही आपल्याच वाड्यावर किंवा नात्यात कोणाला तरी येत असते. ऐकायचे, उतरवून घ्यायचे, कोणी कधी आणि कोणत्या प्रसंगी म्हटले ते नोंदवायचे, आणि मग त्यावर लिहायचे, अशी या अभ्यासाची पद्धत असते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला निरीक्षण आणि अनुमान वेगळे ठेवण्याची सवय असते, ती इथे थेट कामी येते. मात्र आजी-आत्यांकडून गीते घेताना ती कशासाठी हवी आहेत ते त्यांना सांगावे, ध्वनिमुद्रणाला त्यांची संमती घ्यावी आणि निबंधात त्यांचे ऋण लिहावे. पौषात मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, धालो चालू असताना मोबाइल पुढे करून मिळवलेली सामग्री अभ्यासाची मानू नये.

कादंबरीविषयी वर हिशेब मांडलाच आहे: एकच नेमलेली असेल तर घ्यावी. संतसाहित्य आणि मध्ययुगीन ग्रंथ यांचे वाचन समृद्ध करणारे आहे, पण जुनी भाषा उलगडण्यातच वेळ जातो, म्हणून तो दुसरा किंवा तिसरा कोर्स असावा. सर्जनशील लेखनाचे कोर्स आनंदाचे असतात, परंतु शैक्षणिक लेखनाची गरज त्यातून पूर्ण भागत नाही.

पहिले पंधरा दिवस आणि पहिला निबंध

कोर्स बदलण्यासाठी सत्राच्या सुरुवातीला काही दिवसांची मुदत दिली जाते. ती तारीख कार्यालयातून विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. तोपर्यंतची व्याख्याने चुकवू नयेत आणि त्या काळात नेमलेली एक कृती पूर्ण वाचून तिच्यावर एक पान लिहून पाहावे. लिहायला काहीच सुचत नसेल, किंवा शिक्षकांनी सांगितलेली लेखनकामे पत्रिकेतल्यापेक्षा वेगळी निघाली, तर मुदतीत बदल करून घ्यावा. वर्गात पहिल्या दिवशी कंटाळा आला म्हणून मात्र बदल करू नये.

पहिल्या निबंधात बहुतेक जण कथानक सांगून मोकळे होतात. ‘या कथेत आई आणि मुलाचे प्रेम दाखवले आहे’ हे वाक्य कोणत्याही शंभर कथांना लावता येते, म्हणून त्यावर पुढे लिहिता येत नाही. ‘या कथेत आई एकदाही स्वतः बोलत नाही; तिची सगळी वाक्ये मुलाच्या आठवणीतून येतात, त्यामुळे तिला खरोखर काय वाटत होते हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही’ असे लिहिले, तर लगेच प्रश्न उभे राहतात, पुरावे शोधावे लागतात आणि चार पाने भरतात. असे एक विधान सापडेपर्यंत कथा पुन्हा वाचावी. मग प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, त्यासाठी कथेतील एखादे छोटे अवतरण आणि त्या अवतरणातून आपल्याला काय दिसले त्याचे स्पष्टीकरण, इतके साधले तरी पहिल्या निबंधासाठी पुष्कळ आहे. अवतरणानंतरचे स्पष्टीकरण गाळू नये. विद्यार्थी वाक्य उतरवून पुढे निघून जातात, आणि शिक्षकांना जे वाचायचे असते ते नेमके तिथेच राहून जाते.

मराठीत टंकलेखन करायचे असेल, तर युनिकोडचाच वापर करावा, म्हणजे फाइल दुसऱ्या संगणकावर उघडताना अक्षरे बिघडत नाहीत. टंकलेखनाचा वेग नसेल, तर पहिला मसुदा हाताने लिहून दुसरा टंकित करावा. त्या उतरवण्यात आपोआप एक संस्करण होते.

दुसऱ्याचा मजकूर घेण्याबद्दल स्पष्टपणे सांगायला हवे. मार्गदर्शिकेतील परिच्छेद, इंटरनेटवरील रसग्रहण किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करून दिलेला निबंध आपल्या नावावर दिला, तर क्रेडिट कदाचित मिळेल, पण ज्यासाठी हा कोर्स घेतला ते लेखन घडणार नाही. शिवाय चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करण्याची इच्छा असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि पुढे १२ क्रेडिटचा प्रबंध लिहावा लागतो. प्रबंधांना आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक नियम लागू होतात, आणि त्यात १० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास कारवाईच्या पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत. कोणाचा विचार घेतला तर त्याचे नाव आणि पुस्तकाचे पान लिहायचे, ही सवय तीन पानांच्या निबंधापासूनच लावून घ्यावी.

सत्र संपल्यावर

तपासलेले निबंध परत मागून घ्यावेत आणि मसुद्यांसह एका धारिकेत ठेवावेत. अभ्यासक्रमपत्रिकेची प्रतही त्याच धारिकेत ठेवावी. दुसऱ्या विद्यापीठात किंवा परदेशात प्रवेश घेताना, केलेल्या कोर्समध्ये लेखनाचे प्रमाण किती होते हे पाहण्यासाठी ती मागितली जाऊ शकते, आणि गुणपत्रिकेवर कोर्सच्या नावापलीकडे काहीच नसते. निकालानंतर मिळालेले क्रेडिट ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधील, म्हणजे विद्यार्थ्यांचे क्रेडिट ऑनलाइन साठवणाऱ्या राष्ट्रीय व्यवस्थेतील, आपल्या खात्यात योग्य गटाखाली जमा झाले आहेत का, ते तपासावे. ते कमाल सात वर्षे वैध राहतात. एमडीसीचे क्रेडिट चुकून दुसऱ्या गटात दिसत असतील, तर पुढच्या सत्राची नोंदणी सुरू होण्याआधी, वर सांगितलेला लेखी पुरावा जोडून, परीक्षा विभागात अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.